सहा शब्दांनंतर

भूल देण्याआधी डॉक्टर प्रत्येक पेशंटला एकच प्रश्न विचारत: "मोकळ्या वेळात तुम्ही काय करता?"

प्रश्नामागे कुतूहल नव्हतं, सोय होती. टेबलावर आडवा झालेला माणूस छताकडे बघत नाही नाही ते विचार करतो. नाडी पळू लागते, रक्तदाब चढतो. छंदाबद्दल विचारलं की त्याला उत्तर शोधावं लागतं, आणि शोधणारा माणूस घाबरायचं विसरतो. तेवढ्या वेळात शिरेतून पांढरं औषध आत गेलेलं असतं. उत्तर साधारण सहा शब्दांपर्यंत पोचायचं.

"मी ना, गच्चीवर जाऊन जुनी पत्रं..."

"मेव्हण्याबरोबर पत्ते खेळतो, पण तो लबाड..."

"मोकळा वेळ? अहो, मला कुठला मोकळा..."

सातव्या शब्दापासून डॉक्टरांच्या कानांचं काम संपायचं आणि डोळ्यांचं सुरू व्हायचं. हनुवटी, गळा, छातीची हालचाल, मग पडद्यावरचे आकडे. त्यांच्या कामात मोकळी असायला हवी ती श्वासाची वाट. वेळेचं कुणी विचारत नाही. शुद्धीवर आलेल्या पेशंटला आपण काय बोलत होतो ते आठवायचं नाही. तो "झालं का?" एवढंच विचारायचा. अशी सत्तावीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत एकाही माणसाचं वाक्य पुरं झालं नव्हतं आणि डॉक्टरांनी ते कधी मागितलंही नव्हतं.

ही सवय चपलांसारखी दाराबाहेर राहिली नाही, घरात आली. डॉक्टर घरीही प्रश्न विचारत आणि सहाव्या शब्दानंतर समोरच्याच्या गळ्याकडे बघू लागत. त्यामुळे घरातल्या माणसांनी बोलण्याची रीतच बदलली. महत्त्वाचं ते आधी, बाकीचं आपलं आपल्यापाशी. बायको फोनवर म्हणायची, "गॅस संपलाय, घरी येताना फोन करा." मुलगी शाळेतून आल्या आल्या म्हणाली होती, "बाबा, नापास झाले, गणितात, बाकी नंतर." बायको शाळेत भूमिती शिकवायची. नापास होण्यापेक्षा मुलीने बातमी नेमक्या सहा शब्दांत बसवली, याचंच तिला जास्त वाईट वाटलं होतं.

त्या सोमवारी दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या.

पहिली, हॉस्पिटलच्या नव्या प्रशासकाने डॉक्टरांना बोलावून सांगितलं की त्यांची दोनशे चाळीस दिवसांची रजा साठली आहे आणि त्यातले सहा दिवस त्यांनी उद्यापासून घ्यायचेच आहेत. डॉक्टर म्हणाले, "मी थकलेलो नाही." प्रशासक म्हणाला, "सर, थकलेल्यांची यादी वेगळी आहे. ही साठलेल्यांची."

दुसरी संध्याकाळी झाली. मुलगी घरी आली. चोवीस वर्षांची, वर्षभर दुसऱ्या एका हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर म्हणून राबलेली. घरात तिला सगळे ठकी म्हणत. पुढच्या शिक्षणासाठी तिला पहिल्या फेरीत जागा मिळाली होती, भूलशास्त्राची.

"शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत कम्प्युटरवर होकार द्यायचा," ती म्हणाली. "नाही दिला तर जागा दुसऱ्या कुणालातरी जाते."

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. एवढा आनंद त्यांना बऱ्याच दिवसांत झाला नव्हता आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. "मग दे की आत्ताच. तू नऊ वर्षांची असताना स्वतः म्हणाली होतीस, बाबा, मला तुमच्यासारखं डॉक्टर व्हायचंय."

हे वाक्य ते पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सर्जनला ते तोंडपाठ होतं.

"तेवढंच म्हणाले होते का मी?" ठकीने विचारलं.

"तेवढंच."

तिने आईकडे पाहिलं. आई ताटातला पाव मोडत राहिली.

"माझी एक अट आहे," ठकी म्हणाली. "उद्यापासून तुम्ही सुट्टीवर आहात. लोकांना रोज विचारता ना, तेच मी तुम्हाला विचारते. मोकळ्या वेळात तुम्ही काय करता? शनिवारपर्यंत मला एक गोष्ट दाखवा. बनवाबनवी नको. एक खरी गोष्ट दिसली तर मी बटण दाबते."

"आणि नाही दिसली तर?" आईने विचारलं.

"दुसऱ्या फेरीत त्वचारोग. त्या लोकांना झोपेतून कुणी उठवत नाही." मग ती हसायची थांबली. "आई, मला एवढंच बघायचंय की सत्तावीस वर्षांनी आत माणूस उरतो की नाही. ते आधी कळलेलं बरं."

तिने वाक्य संपवलं तेव्हा डॉक्टर तिच्या गळ्याकडे बघत होते.

मंगळवारी सकाळी बायको शाळेत गेली आणि डॉक्टर घरात एकटे राहिले. नऊ वाजेपर्यंत त्यांनी दाढी केली, दोन वर्तमानपत्रं वाचली, स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाटल्या नावं समोर येतील अशा फिरवून ठेवल्या आणि मिठाच्या बरणीवर तारीख घातली. मग काय करायचं ते त्यांना सुचेना. दहा वाजता ते हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी उभे होते.

थिएटरच्या सिस्टरने त्यांना अडवलं. "सर, तुमचं नाव फळ्यावर नाही."

"मी फक्त बघायला आलोय."

"नातेवाइकांची वेळ चार ते सहा."

ते कँटीनमध्ये जाऊन बसले. सर्जन आणि बालरोगतज्ज्ञ चहा घेत होते. डॉक्टरांनी आपली अडचण सांगितली. दोघांनाही ती फार विनोदी वाटली.

"सरळ आहे," सर्जन म्हणाला. "तू आयुष्यभर लोकांना झोपवलंस. आता मोकळ्या वेळात उठवत जा."

"तू काय करतोस ते सांग."

"मी लाकडाचे चमचे कोरतो. तीन वर्षं झाली. दांडा झकास जमतो. वाटीशी आलो की फोन वाजतो. घरात एकवीस दांडे आहेत. बायको पाहुण्यांना सांगते, यांच्याकडे ढवळायला पुष्कळ आहे, वाढायला काही नाही."

"आणि तू?" डॉक्टरांनी बालरोगतज्ज्ञाला विचारलं.

बालरोगतज्ज्ञाने कपातल्या चहाकडे पाहिलं. "मी गाडीत बसतो."

"कुठे जातोस?"

"जात नाही. इथेच, खाली पार्किंगमध्ये. काम संपल्यावर चाळीस मिनिटं. घरच्यांना वाटतं हॉस्पिटलात आहे, हॉस्पिटलला वाटतं घरी गेला. काच वर करतो. रडण्याचा आवाज येत नाही." तो थांबला. "हे पोरीला दाखवण्यासारखं नाही म्हणा."

सर्जनने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हाडांचे डॉक्टर नाच शिकतात. पण त्यांना विचारू नकोस, गुडघ्याला बँडेज आहे त्यांच्या."

घरी परतताना डॉक्टरांना युक्ती सुचली. आपल्याला छंद नसेल, पण हजारो लोकांचे आपण ऐकले आहेत. त्यातला एक घ्यायचा. ते आठवू लागले. गच्चीवर जाऊन जुनी पत्रं, पुढे काय? वाचायची, जाळायची, की त्यांची होडकी करायची? मेव्हणा लबाड होता, मग त्याच्याशी खेळायचं की नाही? जे वाक्य धरावं ते मधेच तुटलेलं. करता येईल इतकं पुरं फक्त एक सापडलं. मूत्रपिंडातला खडा काढायला आलेल्या एका माणसाचं: "तळ्यावर जातो, गळ टाकून बसतो निवांत..."

बुधवारी ते शेजाऱ्यांचा गळ घेऊन शहराबाहेरच्या तळ्यावर गेले. काठावर एकच माणूस होता, जाड चष्म्याचा, घडीच्या खुर्चीवर बसलेला. हातात गळ, शेजारी थर्मास. चौकशीत कळलं की तो घड्याळजी, दुकान आता मुलगा बघतो. डॉक्टर शेजारी बसले, गळ पाण्यात टाकला आणि सवयीने विचारलं, "मोकळ्या वेळात तुम्ही इथेच येता का?"

घड्याळजी म्हणाला, "मी इथे मासे धरायला म्हणून येत..."

तो पुढे बरंच बोलला. मधेच हातवारेही केले. डॉक्टर त्याची हनुवटी बघत होते. गळा आखूड आहे, जबडा मागे आहे, या माणसाला श्वासाची नळी घालणं अवघड जाईल, असं त्यांच्या मनात आलं. मग दोन तास दोघे गप्प बसले. डॉक्टरांना हे जमतंय असं वाटू लागलं. शनिवारी ठकीला इथे आणायचं, त्यांनी ठरवलं.

उठताना ते म्हणाले, "आज काही लागलं नाही."

"लागेल कसं? मघाशी सांगितलं ना."

"काय सांगितलंत?"

घड्याळजीने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "की मी इथे मासे धरायला म्हणून येत नाही. या तळ्यात मासे नाहीतच. चार वर्षांपूर्वी गाळ काढला तेव्हाच संपले. मी येतो कारण दुकानात बसलो की मुलाच्या हाताकडे बघत राहतो आणि त्याचा हात थरथरतो. इथून मला त्याचा हात दिसत नाही. एवढं सगळं बोललो मी. तुम्ही मान डोलावत होता."

"माफ करा. मी येतो असं ऐकलं."

"येत म्हणालो होतो. पुढचं ऐकायचं होतंत. आपल्याकडे 'नाही' शेवटी येतं, साहेब. आधी उठणाऱ्याला सगळं 'हो'च वाटतं."

डॉक्टर गाडीत येऊन बसले, पण किल्ली फिरवली नाही. आपणही बालरोगतज्ज्ञासारखे नुसते गाडीत बसलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या डोक्यात पंधरा वर्षांपूर्वीचं एक वाक्य फिरत होतं. ठकीचा घसा दुखत होता, ती खुर्चीवर उभी होती, आणि म्हणाली होती, "बाबा, मला तुमच्यासारखं डॉक्टर व्हायचंय असं..."

असं. शेवटी 'असं' होतं. लोकांना सांगताना तो शब्द त्यांनी कधी गाळला, ते त्यांनाच आठवेना. असं वाटतं? असं वाटत नाही? त्यांनी बोटांवर शब्द मोजले. बरोब्बर सहा.

गुरुवारी त्यांनी बायकोला विचारलं. ती पेपर तपासत होती.

"पुढे काय म्हणाली होती ती?"

"मी तिथे नव्हते. तुम्ही होतात."

"पण तुला माहीत आहे."

"आहे. तिने मला नंतर सांगितलं. पंधरा वर्षं लोकांना अर्धं वाक्य सांगत फिरलात, मला वाटलं कधीतरी उरलेलं विचाराल."

"'हो' होतं की 'नाही', एवढं सांग."

"तिलाच विचारा. आणि विचारलंत तर शेवटपर्यंत थांबा. नाहीतर न विचारलेलं बरं." तिने एका पेपरवर लाल खूण केली. "या पोराने त्रिकोणाचे दोन कोन मोजले आणि तिसरा मनाने लिहिला. बेरीज दोनशेवर गेली. तुमचा लांबचा भाऊ दिसतो."

डॉक्टरांना एकच गोष्ट समजत होती. 'नाही' असेल तर ते मुलीला तिच्या मनाविरुद्ध आपल्या शाखेत ढकलत होते. 'हो' असेल तर ती जागा शनिवारी एका मूर्ख अटीपायी जाणार होती. आणि विचारायला गेलो तर ऐकता येईल याची खात्री नव्हती.

शुक्रवारी त्यांनी सराव केला. आधी रेडिओवर. निवेदक हवामान सांगत होता, तर डॉक्टर सातव्या शब्दाला रेडिओच्या जाळीकडे बघू लागले, जणू तिथून श्वास चालला होता. मग संध्याकाळी बायकोवर.

"काहीही बोल. मी शेवटपर्यंत ऐकतो."

"काहीही?"

"शाळेतलं."

ती शिक्षकांच्या खोलीतल्या पंख्याबद्दल सांगू लागली. पहिल्या वेळी ते आठव्या शब्दाला सुटले. दुसऱ्या वेळी तेराव्या. तिसऱ्या वेळी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि पंखा कुणी बंद केला, कुणी लावला, इतिहासाच्या बाई रडल्या का, आणि शेवटी पंखा आधीपासून बिघडलेलाच कसा होता, हे सगळं ऐकलं. कपाळावर घाम आला होता.

"कसं वाटलं?" बायकोने विचारलं.

"माणसं एवढं बोलतात?"

"मी तर निम्मंच सांगितलं." ती उठली. जाता जाता तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

शनिवारी ठकी पावणेचारला आली. हात धुतले, टेबलावर लॅपटॉप उघडला, होकाराचं पान काढून ठेवलं. पडद्यावर हिरवं बटण होतं. तिच्या पाठीमागे भिंतीवरचं घड्याळ, त्यात चार वाजून सहा मिनिटं. आई चहाचे कप ठेवून आत गेली. दार तिने पूर्ण लावलं नाही.

"दाखवा," ठकी म्हणाली.

"दाखवण्यासारखं काही सापडलं नाही. तळ्यावर गेलो होतो. तिथे मासे नाहीत."

"बरं."

"त्याआधी मला एक विचारायचंय. नऊ वर्षांची असताना तू म्हणाली होतीस, बाबा, मला तुमच्यासारखं डॉक्टर व्हायचंय असं. त्याच्या पुढे काय होतं?"

ठकीने कप खाली ठेवला. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची थट्टा करावी की नाही, हे ती ठरवत असावी.

"असं मी निबंधात लिहिलंय," ती म्हणाली, "पण तुम्ही नक्की काय करता ते मला माहीत नाही, आणि बाई म्हणाल्या घरी विचारून ये, तर मला सांगाल का. हे होतं. तो प्रश्न होता, बाबा. तुम्ही म्हणालात, वा, छान, आ कर बघू."

हे 'हो'ही नव्हतं आणि 'नाही'ही नव्हतं. तीन दिवस ज्या दोन उत्तरांमध्ये ते गोंधळले होते, त्यांतलं एकही आलं नव्हतं. 

"मग निबंधात काय लिहिलंस?"

"लिहिलं की माझे बाबा भुला करतात. भुलीचं अनेकवचन, मी केलेलं. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. सगळे आठवडाभर हसत होते."

"आणि आता? मोकळ्या वेळात तू काय करतेस?"

हा प्रश्न त्यांनी ठरवून विचारला नव्हता. तोंडून आपोआप आला, इतक्या वर्षांच्या सवयीने. ठकी किंचित हसली आणि बोलू लागली.

ती म्हणाली, मी सुट्टीच्या दिवशी पोहण्याच्या तलावावर जाते. मला पोहता येत नाही. पायरीवर बसते, पाय पाण्यात सोडते. तिथे मला कुणी डॉक्टर म्हणत नाही. डॉक्टरांचे डोळे तिच्या गळपट्टीच्या हाडामागच्या खळग्याकडे निघाले होते, जिथे श्वास दिसतो. त्यांनी ते परत वर आणले. ती म्हणाली, शिकत असताना एकदा तुमच्या थिएटरमध्ये काचेमागून बघत होते. एक म्हातारी होती. तुम्ही वाकून तिला विचारलंत, मोकळ्या वेळात काय करता, आणि इतके जवळ वाकलात की मला तिचा राग आला. बाहेर येऊन मी तिथल्या सिस्टरला विचारलं, ती काय म्हणाली? सिस्टर म्हणाली, कोण ऐकतंय.

चार वाजून एकतीस मिनिटं.

ती म्हणाली, ही शाखा मी निवडली नाही, मार्कांनी दिली. पण पसंतीच्या यादीत ती मी वर टाकली होती, का ते मला सांगता येत नाही. कदाचित तुम्ही तिथे काय ऐकता ते बघायला. मग ती वॉर्डातल्या एका पेशंटबद्दल बोलली, तिथून मैत्रिणीबद्दल, तिथून पुन्हा तलावाबद्दल. वाक्यं लांबली, वळली, मधेच दुसरीकडे गेली. एवढी लांब वाक्यं या घरात तिने कधी बोलली नव्हती आणि त्यांचे शेवट कुठे करायचे ते तिलाही नीट कळत नव्हतं.

चार वाजून बावन्न.

घड्याळ तिच्या पाठीमागे होतं. ते डॉक्टरांना दिसत होतं, तिला नाही. सत्तावीस वर्षांत एकही आकडा त्यांनी न बोलता जाऊ दिला नव्हता. आकडा घसरला की बोलायचं, ही त्यांच्या कामाची पहिली अट. आता फक्त "ठके, वेळ" एवढे दोन शब्द पुरे होते. ती जागा त्यांना हवी होती. ते कुणाहीपेक्षा त्यांना स्वतःला चांगलं माहीत होतं. पण ती एका वाक्याच्या मधोमध होती. "आणि मला कधीकधी असं वाटतं की मी तुमच्याशी बोलायला सुरुवात केली आणि तुम्ही..." ती म्हणत होती, आणि तिचं 'नाही' अजून यायचं होतं.

त्यांनी टेबलाची कड धरली. चार अठ्ठावन्न. स्वयंपाकघराच्या फटीत बायकोची साडी हलली आणि थांबली. पाच.

ठकी पाच वाजून सात मिनिटांनी थांबली. थंड चहा प्यायली आणि लॅपटॉपकडे वळली. बटण राखाडी झालं होतं.

"गेली," ती म्हणाली.

"हो."

तिने मान वळवून घड्याळ पाहिलं, मग वडिलांना. "तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं वाक्य संपलं नव्हतं."

 ठकीच्या तोंडावर राग होता की आणखी काही, ते डॉक्टरांना ओळखता आलं नाही. पडद्यावरचे आकडे असते तर त्यांनी सांगितलं असतं.

"कमाल आहे," ती शेवटी म्हणाली. "एक खरी गोष्ट दाखवा म्हटलं होतं. दाखवलीत. आणि आता दाबायला बटण नाही."

आतून आईचा आवाज आला. "दुसरी फेरी आहे ना गं?"

"बुधवारपासून. ही जागा परत यादीत येईल. मिळेलच असं नाही." तिने लॅपटॉप मिटला आणि कोपरं टेबलावर टेकवून वडिलांसमोर वाकली, थिएटरमध्ये ते वाकायचे तशीच. "काय भरू, बाबा? तुम्हाला काय वाटतं?"

डॉक्टरांनी घसा साफ केला.

"ठके, तू माझीच शाखा घ्यावीस असं," ते म्हणाले आणि अडकले. पुढे 'वाटतं' म्हणायचं की 'वाटत नाही', हे त्यांना माहीत नव्हतं. सोमवारी माहीत होतं. शनिवारी नव्हतं.

ठकीने घड्याळाकडे पाहिलं नाही. तिने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"पुढे?" ती म्हणाली.